वाघबीळच्या पुढचं वळण

सपाटीला काही होत नाही.
केर्लीपर्यंत गाडी अशी पळते
की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी.
वाघबीळ मागे पडतं, पन्हाळ्याचा चढ लागतो,
आणि तिसऱ्या गिअरमध्ये, दुसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे
कुणीतरी आतून हात काढून घेतल्यासारखं होतं.
आवाज तोच. धूर नाही. दिवा पेटत नाही.
माझा पाय पार तळाला टेकलेला
आणि वैरणीचे भारे लादलेली एम-एटी
हॉर्न देऊन पुढं जाते.

बाजूला घेतो. बंद करतो.
थर्मासमधला चहा अर्धा होईतो थांबतो.
चावी फिरवली की निघाली, जणू मीच खोटारडा.

उद्यमनगरात, दिलावर शिकलगारच्या दारात
ती असं कधीच करत नाही.
डॉक्टरच्या बाकावर बसल्यावर
ठणकणारी दाढ गप्प होते, तसं.

आधी डिझेल फिल्टर बदलला.
मग एअर फिल्टर : त्यात गुलमोहराचा पाला निघाला,
आम्ही दोघंही उगाच खूश झालो.
मग टर्बोचा रबरी पाइप.
मग अठ्ठावीसशेचा एक सेन्सर, पुण्याहून मागवलेला,
धडधाकट जुना काढून त्याच्या जागी बसवला.
हेमलता म्हणाली, "तुमचंबी असंच हाय.
बोलता बोलता मधीच दम जातोय,
आन् सकाळी बघावं तर काय झालंच न्हाई."
मी काच खाली केली.

शेवटी दिलावर म्हणाला,
"गुरुजी, काय झालं ते सांगू नका.
कवा झालं ते लिवून आणा."

मग चौकटीची वही केली.
चौदा तारीख, टाकी पाव. गेली.
एकोणीस, टाकी भरलेली. नाही गेली.
तेवीस, पाव, मागे सासरे आणि तांदळाचं पोतं. दोनदा गेली.
सव्वीस, पाव, पण उतार. नाही गेली.
आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या;
ही माझी, आणि तपासणारा आठवी नापास.
त्यानं काळा अंगठा टाकीच्या रकान्यावर ठेवला
आणि तो बराच वेळ उचललाच नाही.

रविवारी त्यानं टाकीची नळी सोडवली.
पाच लिटरचा पांढरा कॅन माझ्या मांडीवर,
जायची नळी त्यात, परतीची नळी त्यात,
दोन्ही खिडकीतून बॉनेटखाली गेलेल्या.
तो चालवतोय, मी सलाइन धरून बसलेल्या
नातेवाइकासारखा ताठ.
वाघबीळ. पहिलं वळण. दुसरं.
गाडी एकदाही अडखळली नाही, चार दरवाजापर्यंत.
दिलावर हसला नाही. फक्त म्हणाला,
"इंजिन निर्दोष."

टाकी उतरवली, तळाशी हात घातला,
आणि चिमटीत धरून वर काढली
रुपयाएवढी गोल, चंदेरी चकती.
बाटलीच्या तोंडावरचं सील.
चढावर इंजिन जोरानं ओढायचं
तेव्हा ही नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायची,
बंद केलं की ओढ संपायची, ही पुन्हा तळाला.

बाटली कसली, ते त्यानं विचारलं नाही.
दोन वर्षांपूर्वी शिये फाट्याच्या पंपावर
मायलेज वाढवणारं औषध मीच ओतलं होतं,
सील बोटानं आत ढकलून, घाईत.
पाला, पाइप, सेन्सर, पंपवाल्यांची भेसळ,
सगळ्यांवर मी संशय घेतला होता.
वहीत एक रकाना कमी होता.

"ह्याचं काय करू?" दिलावर म्हणाला.
मी ती पुसून खिशात टाकली.
घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडी आता चढते. पाव टाकीवर, चार माणसं घेऊन चढते.
तरी दुसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे
माझा पाय आपोआप हलका होतो.
शेजारी हेमलता बोलायची थांबते,
आणि आम्ही दोघं वळण सरेपर्यंत
इंजिनचा आवाज ऐकत राहतो.